शिंगातले मीठ

शाळेच्या इतिहासात बौद्ध धर्मातल्या फुटीच्या वाट्याला चार ओळी येतात. बुद्धांच्या महापरिनिर्वाणानंतर अनुयायांत मतभेद झाले. हीनयान आणि महायान असे दोन पंथ पडले. पहिल्याने मूर्तिपूजा नाकारली, दुसऱ्याने स्वीकारली. पुढे त्यातूनच वज्रयान निघाले. शिकवण्याच्या पेशात इतकी वर्षे घालवल्यावर मला एवढे ठाऊक आहे की मुलांना या ओळी चटकन पाठ होतात. पण त्या पाठ करून कोणी श्रीलंकेत, ब्रह्मदेशात किंवा थायलंडात उतरला तर त्याची मोठी पंचाईत होईल. ज्यांना आपण हीनयानी म्हणून मोकळे होतो ते हेच देश, आणि बुद्धमूर्तींची तर तेथे नुसती रेलचेल आहे. उभे बुद्ध, बसलेले बुद्ध, शंभर शंभर हात लांबीचे पहुडलेले बुद्ध. मूर्तीवरून पंथ ओळखायचा झाला तर हे सारे देश महायानी ठरतील!

मुळात 'हीनयान' हे नावच दुसऱ्यांनी ठेवलेले. आपल्या गाडीला 'हलकी गाडी' म्हणून कोण हाकारील? मोठ्या यानाचा पुरस्कार करणाऱ्यांनी आपल्याहून वेगळ्या वाटेने जाणाऱ्या सगळ्यांना मिळून दिलेले ते टोपणनाव आहे, आणि त्यात प्रेमाचा अंश नाही. ज्यांना ते चिकटवले त्यांच्यात परंपरेच्या गणतीप्रमाणे अठरा निकाय होते. त्यांपैकी स्वतःच्या नावाने आज उभा आहे तो एकच, स्थविरांचा, म्हणजे थेरवाद. तेव्हा या लेखात मी हीनयान हा शब्द शक्य तो टाळणार आहे.

मग फूट पडली ती कशावरून? आत्मा आहे की नाही, निर्वाण म्हणजे काय, असल्या गहन प्रश्नांवरून पडली असावी असे आपल्याला वाटते, कारण धर्मातल्या भांडणाला तसे कारण शोभून दिसते. पाली विनयात जी हकीकत आहे ती मात्र पैशांची आणि मिठाची आहे.

निर्वाणाला शंभर वर्षे झाली होती. काकंडकाचा पुत्र यश नावाचा एक भिक्षू हिंडत हिंडत वैशालीस आला आणि महावनातल्या कूटागारशाळेत उतरला. दिवस उपोसथाचा. पाहतो तो तेथल्या वज्जी भिक्षूंनी पाण्याने भरलेले एक काशाचे भांडे संघाच्या मधोमध ठेवले आहे, आणि येणाऱ्या गृहस्थांना ते सांगत आहेत, संघाला कार्षापण द्या, अर्धा द्या, पाव द्या, निदान मासाभर द्या; संघाला गरजा असतात. यशाने लोकांना सांगितले, देऊ नका, श्रमणांना सोने-रुपे चालत नाही. लोकांनी दिलेच. लोक देतातच. रात्र सरल्यावर भिक्षूंनी डोईमागे वाटण्या केल्या आणि यशापुढेही त्याचा वाटा ठेवला.

मला कादंबऱ्या लिहिण्याची खोड आहे म्हणून असेल, पण या साऱ्या हकीकतीत माझे मन त्या वाट्यापाशी अडते. तो पुढे करणाऱ्यांच्या मनात कपट असेल असे मला वाटत नाही. पाहुणा आला आहे, आपल्यातलाच आहे, त्याचाही हिस्सा निघालाच पाहिजे, इतका साधा हिशेब. यशाने तो वाटा घेतला असता तर बौद्ध धर्माचा इतिहास कदाचित निराळा झाला असता.

त्याने घेतला नाही. तेव्हा वज्जी भिक्षूंनी ठराव केला की याने उपासकांची मने दुखवली, याने त्यांची क्षमा मागावी. यश एका सोबती भिक्षूला घेऊन गावात गेला, आणि क्षमा मागण्याऐवजी बुद्धवचनांचे दाखले देत त्याने गावच आपल्या बाजूला वळवला. तो परतल्यावर भिक्षूंनी त्याला संघाबाहेर काढण्याचे ठरवले, पण तोवर तो कौशांबीकडे निघून गेला होता. तेथून त्याने पावा आणि अवंती-दक्षिणापथ इकडच्या भिक्षूंना निरोप धाडले. अहोगंग पर्वतावर पावेकडचे साठ आणि अवंती-दक्षिणापथाचे अठ्ठ्याऐंशी भिक्षू गोळा झाले, असा आकडा विनयात नोंदलेला आहे. म्हणजे या पहिल्या मोठ्या तंट्यात दक्षिणेकडच्या वाटेवरची माणसे हजर होती, आणि ती कडक नियमाच्या बाजूने होती.

वज्जी भिक्षूंच्या दहा सवयी वादात होत्या. पहिली सवय शिंगात मीठ भरून बाळगण्याची. भिक्षान्न अळणी निघाले तर उपयोगी पडावे म्हणून. दुसरी, मध्यान्हानंतर सावली दोन बोटे सरकेपर्यंत जेवण्याची. मग दुसऱ्या गावी गेल्यास पुन्हा जेवण्याची, न आंबलेली ताडी घेण्याची, झालर नसलेले आसन वापरण्याची. आणि शेवटची सोन्या-रुप्याची. वैशालीत सातशे भिक्षू जमले. गलका इतका झाला की कोणाचे बोलणे कोणाला कळेना, तेव्हा पूर्वेकडचे चार आणि पश्चिमेकडचे चार स्थविर निवडून निवाडा त्यांच्यावर सोपवला. दहाही सवयी नियमबाह्य ठरल्या.

मिठावरून एवढे रामायण कशाला, असे कोणी म्हणेल. पण मीठ साठवले म्हणजे उद्याची तरतूद झाली. उद्याची तरतूद झाली म्हणजे रोज सकाळी दुसऱ्याच्या दारात उभे राहण्याची गरज थोडी कमी झाली. भिक्षू हा रोज दारात उभा राहिलाच पाहिजे, यावर तर संघाची आणि गृहस्थांची सारी गाठ बांधलेली होती. त्या म्हाताऱ्यांना शिंगाच्या तळाशी कोठार दिसले असावे.

सिंहली बखरी म्हणतात की हरलेल्यांनी आपला निराळा संघ मांडला, तेच महासांघिक. महासांघिकांच्या बाजूने आलेला एक ग्रंथ याच्या नेमके उलट सांगतो: नियम स्थविरांनीच वाढवले, आम्ही जुन्यांना धरून राहिलो. उत्तरेकडच्या परंपरेत तिसरीच कथा आहे. महादेव नावाच्या भिक्षूने अर्हतातही उणिवा उरतात अशी पाच विधाने मांडली आणि त्यावरून तट पडले. कोणती कथा खरी यावर पंडितांचे एकमत नाही. माझा कल नियमांच्या कथांकडे आहे, आणि त्याला कारण आहे.

बौद्ध संघात मत बाळगल्याने वेगळे व्हावे लागत नाही. नियम वेगळा झाला की वेगळे व्हावेच लागते. एका सीमेतल्या भिक्षूंनी दर पंधरवड्याला एकत्र बसून प्रातिमोक्षाचे नियम म्हणायचे असतात. नियमांची यादीच निराळी असेल तर एकत्र बसणार कसे? दुसरी गोष्ट उपसंपदेची. नवा भिक्षू एकटा गुरू करू शकत नाही, त्याला संघ लागतो, आणि मध्यदेशात त्या संघाची संख्या किमान दहा. येथे एक जुनी आठवण विनयातच आहे. अवंतीत महाकात्यायनाला सोण कुटिकण्ण नावाच्या शिष्याला उपसंपदा द्यायची होती, तर दहा भिक्षू जमवायला तीन वर्षे लागली. सोण पुढे बुद्धांच्या दर्शनाला गेला तेव्हा त्याने गुरूचा निरोप सांगितला, आणि बुद्धांनी सीमेवरच्या मुलखांसाठी दहाची अट पाचांवर आणली. पाचांत एक विनय जाणणारा असला म्हणजे झाले. ही पाचांची सवलत वाचकांनी लक्षात ठेवावी, पुढे ती फार लांब गेलेली दिसेल.

निकाय म्हणजे अशी दीक्षेची घराणी. आपल्या डोंगरांत त्यांची नावे दगडावर कोरलेली आहेत. नाशिकच्या लेण्यात गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री आपले लेणे भद्रायणीय निकायाच्या भिक्षूंना देते. तिच्याच नातवाच्या, पुळुमावीच्या, राजवटीत कार्ल्याला हरफरण नावाचा उपासक नऊ खोल्यांचा मंडप खोदवतो, तो महासांघिकांसाठी. सोपाऱ्याहून कार्ल्याला येऊन दान देणारा सातिमित्र धर्मोत्तरीय निकायाचा. डोंगर आपलेच, आणि निकाय तीन! त्यांनी एकमेकांची डोकी फोडल्याचे कोणत्याही लेखात नाही.

आता महायान. ते असे घराणे म्हणून जन्मालाच आले नाही. ती एक आकांक्षा होती. जुन्या मार्गात शिष्याचे ध्येय अर्हत होण्याचे: आपली तृष्णा विझवावी आणि जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटावे. इसवी सनाच्या आगेमागे काही भिक्षूंना आणि उपासकांना हे अपुरे वाटू लागले. बुद्ध अनेक जन्म बोधिसत्त्व म्हणून परोपकारात झिजले, तर मग आपण ती लांबची वाट का धरू नये? आपण सुटायचे आणि बाकीच्यांनी बुडायचे, हे कसे? या एका प्रश्नातून नवी सूत्रे आली, नवे बोधिसत्त्व आले, शून्यतेचे नागार्जुनाचे तत्त्वज्ञान आणि असंग-वसुबंधूंचा विज्ञानवाद आला. त्या तत्त्वज्ञानाची चर्चा करण्याचा माझा अधिकार नाही. मला त्यातले जे कळते ते औरंगाबादच्या सातव्या लेण्यात. दाराशेजारी अवलोकितेश्वर उभा आहे आणि त्याच्या दोन्ही अंगांना संकटात सापडलेली माणसे कोरली आहेत. आग, तलवार, बेडी, बुडते गलबत, सिंह, साप, हत्ती, आणि मृत्यू. प्रत्येक जण त्याला हाक मारतो आहे आणि तो आकाशातून तेथे पोचतो आहे. हे दान देणारे व्यापारी होते, त्यांची गलबते खरोखर बुडत असत. अर्हताला अशी हाक मारता येत नाही. हा फरक मोठा आहे आणि तो मी कमी लेखत नाही.

पण हाक मारणारा आणि न मारणारा एकाच विहारात राहू शकत होते. सातव्या शतकात ह्युएनत्संग महाराष्ट्रात आला तेव्हा शंभरावर विहार आणि पाचएक हजार भिक्षू असल्याचे त्याने लिहिले, आणि येथे महायान आणि हीनयान दोन्ही चालतात असेही लिहिले. त्याच्यामागून आलेला इत्सिंग नालंदेत राहिला. विनय हाच त्याचा जिव्हाळ्याचा विषय. जो बोधिसत्त्वांना वंदन करतो आणि महायान सूत्रे वाचतो तो महायानी, न करणारा हीनयानी. विनय दोघांचा सारखाच, असा त्याच्या सांगण्याचा आशय आहे. वज्रयानाचेही तेच. मंत्र, मंडल, गुरूकडून मिळणारा अभिषेक, याच देही बुद्धत्व मिळवण्याचा ध्यास, हे सारे वर चढवलेले मजले, जोते विनयाचे.

आज जिवंत विनय तीन आहेत. पाली विनय थेरवादी देशांत, त्यात भिक्षूंचे नियम २२७. धर्मगुप्तकांचा चीन, कोरिया, व्हिएतनाम इकडे, नियम २५०. तिसरा मूलसर्वास्तिवादींचा, तो शांतरक्षिताने आठव्या शतकात तिबेटात नेला, आणि तिबेटी गणतीप्रमाणे त्यात २५३ नियम आहेत. गंमत पाहा, चिनी भिक्षू विचाराने महायानी आणि तिबेटी भिक्षू वज्रयानी, पण दोघांचेही विनय त्याच जुन्या अठरांतले, ज्यांना त्यांच्या ग्रंथांनी हीन म्हटले!

याला अपवाद जपानचा, आणि तोही माझेच म्हणणे बळकट करतो. तेथे साइचो नावाच्या आचार्याने हट्ट धरला की २५० नियमांची उपसंपदा आम्हाला नको, हिएइ पर्वतावर केवळ बोधिसत्त्वव्रतांवर दीक्षा देऊ द्या. नाराच्या मठांनी कडाडून विरोध केला. ८२२ साली परवानगी मिळाली, तेव्हा साइचोला जाऊन सात दिवस झाले होते. जपानी बौद्ध धर्म इतरांहून निराळा झाला तो या दिवसापासून. तेराव्या शतकात शिनरान उघडपणे संसार करून अमिताभाच्या नामावर सारा भार टाकतो, आणि १८७२ साली सरकारच फर्मान काढते की भिक्षूंनी लग्न करावे, मांस खावे, केस वाढवावेत, ज्याची त्याची मर्जी. आज जपानात मंदिर बापाकडून मुलाकडे जाते.

उलट जेथे विनय राहिला तेथे त्याचा धागा तुटण्याची धास्तीही राहिली. तिबेटात नवव्या शतकात राजाश्रय गेला आणि मध्य तिबेटातले मठ ओस पडले. तीन भिक्षू ग्रंथ घेऊन ईशान्येला अम्दोत पळाले. तेथे एक तरुण, पुढे गोंगपा रबसल म्हणून प्रसिद्ध झालेला, दीक्षा मागायला आला. भिक्षू तीनच. पाचही नाहीत! तेव्हा दोन चिनी भिक्षूंना विनंती करून बसवले, पाच पुरे केले, आणि त्याला उपसंपदा दिली. मध्य तिबेटात विनय पुन्हा नेला तो या घराण्याने. अवंतीच्या एका भिक्षूने मागून घेतलेली सवलत हजारावर वर्षांनी तिबेटच्या कामी आली, तीही दुसऱ्या शाखेची माणसे हाताशी धरून.

श्रीलंकेत चोळांच्या स्वारीनंतर अकराव्या शतकात भिक्षुसंघ मोडला तेव्हा विजयबाहू राजाने ब्रह्मदेशातून भिक्षू आणवले. अठराव्या शतकात धागा पुन्हा तुटला, तेव्हा १७५३ साली सयामहून उपाली महास्थविर आले. पण या सयाम निकायाने पुढे गोविगम या वरच्या जातीलाच उपसंपदा देण्याचे ठरवले. म्हणून इतर जातींतल्यांनी ब्रह्मदेशाची वाट धरली आणि १८०३ साली अमरपूर निकाय उभा केला. दोन्हींचे ग्रंथ तेच, २२७ नियम तेच. फरक, दार कोणाला उघडते याचा.

नागपूरला १४ ऑक्टोबर १९५६ रोजी काय घडले ते मराठी वाचकाला मी सांगायला नको. पण दीक्षेच्या बाजूने ते पुन्हा एकदा पाहावे. डॉ. आंबेडकरांनी त्रिशरण आणि पंचशील घेतले ते कुशीनगरच्या चंद्रमणी महास्थविरांकडून, म्हणजे ब्रह्मी थेरवादी परंपरेकडून. त्यानंतर समोरच्या लाखो स्त्री-पुरुषांना दीक्षा दिली ती स्वतः आंबेडकरांनी, बावीस प्रतिज्ञांसह. एका गृहस्थाने! आपला मार्ग हीनयानही नाही, महायानही नाही, हवे तर त्याला नवयान म्हणा, असे त्यांनी आदल्या दिवशी सांगितले होते. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात भिक्षू कशासाठी, स्वतः पूर्ण होण्यासाठी की समाजसेवेसाठी, हा प्रश्न ते सुरुवातीलाच घालतात. वैशालीच्या म्हाताऱ्यांना हा प्रश्न परका वाटला नसता.

आता स्त्रियांचे. त्यांच्या वाट्याला दोन संघ येतात. भिक्षुणीची उपसंपदा आधी भिक्षुणीसंघात आणि मग भिक्षुसंघात व्हावी असा विनय आहे. म्हणजे एखाद्या देशातली शेवटची भिक्षुणी गेली की दार आतून बंद. आपल्याकडे भिक्षुणी पुष्कळ होत्या. कान्हेरीला धेनुकाकटच्या उपासकाची मुलगी सापा, स्वतः प्रव्रजित, लेणे आणि पाण्याचे टाके देते. जुन्नरच्या लेखात गावातल्या धर्मोत्तरीयांच्या भिक्षुणी-उपाश्रयाचा उल्लेख आहे. त्यांचा धागा कधी तुटला याची नोंद कोणी ठेवली नाही.

श्रीलंकेला तो अशोककन्या संघमित्रेने नेला होता. पाचव्या शतकात नंदी नावाच्या नावाड्याच्या गलबतातून काही सिंहली भिक्षुणी चीनच्या दक्षिण राजधानीत उतरल्या. चिनी भिक्षुणींची दीक्षा तोवर नुसत्या भिक्षूंकडून झालेली. ती पुरी की अधुरी, ही टोचणी त्यांना होती. आलेल्यांची संख्या पुरत नव्हती. नंदी परत गेला आणि ४३३ साली आणखी भिक्षुणी घेऊन आला. तोवर पहिल्या चिनी भाषा शिकल्या होत्या. मग तीनशेहून अधिक चिनी स्त्रियांनी दोन्ही संघांपुढे नव्याने उपसंपदा घेतली. हा धागा चीन, कोरिया, तैवान इकडे अखंड राहिला. ज्या बेटावरून तो गेला तेथे मात्र अकराव्या शतकात तुटला. विजयबाहूने भिक्षू आणवले, भिक्षुणी आणवल्या नाहीत.

त्यानंतर नऊशे वर्षे संघात सिंहली स्त्रियांची गणना नसे; पुढे काही स्त्रिया दहा शीले पाळू लागल्या, पिवळी वस्त्रे नेसू लागल्या, तरीही नाही. १९९६ च्या डिसेंबरात सारनाथला दहा जणींनी कोरियन संघाच्या साहाय्याने उपसंपदा घेतली. कुसुमा त्यांतल्या अग्रणी. १९९८ साली बोधगयेत तैवानच्या संघाने मोठा समारंभ केला, आणि त्याच वर्षी श्रीलंकेतच दंबुल्ल येथे उपसंपदा सुरू झाली. अनेक वडीलधाऱ्या महास्थविरांनी ती मानली नाही. त्यांचा आक्षेप असा, की या दीक्षा देणाऱ्या चिनी परंपरेच्या, म्हणजे महायानी. थेरवादाचा धागा महायानातून कसा येईल? उत्तर देणाऱ्यांनी विनय उघडून दाखवला. त्या स्त्रियांचे विचार महायानी असतील, पण त्यांचा विनय धर्मगुप्तकांचा, स्थविरांच्याच कुळातला. आणि त्यांच्या आद्य गुरुणी तुमच्याच बेटावरून गेलेल्या. थायलंडात १९२८ पासून भिक्षूंनी स्त्रियांना दीक्षा देऊ नये असा संघराजाचा आदेश आहे. तेथल्या धम्मानंदा २००३ साली श्रीलंकेत येऊन भिक्षुणी झाल्या.

तिबेटात तर भिक्षुणीसंघ कधी पोचलाच नव्हता. मूलसर्वास्तिवादी विनयात भिक्षुणींचे ३६४ नियम लिहिलेले आहेत, पण ते पाळायला कोणी नव्हते. चिनी भिक्षुणींना मदतीला घ्यावे की नाही यावर तेथल्या पंडितांचा वाद कित्येक वर्षे चालला आहे. गोंगपा रबसलच्या वेळी बसवलेल्या त्या दोन चिनी भिक्षूंचा दाखला त्यात वारंवार निघतो. २०२२ च्या जून महिन्यात भूतानच्या मुख्य धर्मगुरूंनी दुसरी वाट धरली. कोणत्याही शाखेच्या भिक्षुणींना न बोलावता, केवळ भिक्षुसंघाकडून, त्यांनी १४४ स्त्रियांना उपसंपदा दिली. चीनच्या पहिल्या भिक्षुणींना दीक्षा मिळाली होती तशीच.